हक्की आणि पिक्की

कानडीत ‘हक्की’ म्हणजे पाखरू आणि ‘पिक्की’ म्हणजे पकडणारे. बंगळुरूच्या दक्षिणेला, बनेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला हक्किपिक्की कॉलनी नावाची एक वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या रानपाखरं धरून पोट भरलेल्या जमातीची ही वस्ती. तिथून वीसेक किलोमीटरवर एचएसआर लेआउट. होसूर-सर्जापूर रोडवरून हे आद्याक्षरी नाव पडलं. इथं पाखरं धरणारं कुणी नाही, टिपणारे मात्र पुष्कळ. रविवारी सकाळी आगरा तलावाच्या बांधावर हातभर लांबीच्या लेन्सा घेऊन माणसं उभी असतात, आणि त्यांतली काही आपसांत मराठीत कुजबुजतात. ‘टिपणं’ हे क्रियापद मराठीनं मोठ्या मिस्कीलपणे ठेवलंय. बंदुकीनं पाखरू टिपतात, कॅमेऱ्यानंही टिपतात, आणि पाखरू स्वतः दाणे टिपतं.

आगरा तलाव जुना आहे. इ.स. ८७०च्या सुमाराच्या, गंग राजवटीतल्या एका शिलालेखात इथल्या तळ्यांना मोऱ्या बसवल्याची नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या चारशे वर्षं आधी इथं कुणीतरी पाणी अडवत होतं. त्या पाण्यावर आज टिबुकल्या बुड्या मारतात, पाणकावळे पंख वाळवत बसतात, कधीमधी झोळीवाला उतरतो. चोचीच्या टोकाशी पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका मिरवणारं हळदीकुंकू बदक आहे. अंगानं काळाभोर आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरीही आहे. ही नावं कुणी ठेवली असतील? ज्यांनी ही पाखरं रोज, अगदी हाताच्या अंतरावरून पाहिली त्यांनीच. अरण्यऋषी म्हणून ओळखले गेलेले मारुती चितमपल्ली पक्षिकोशासाठी नावं गोळा करत हिंडले, तेव्हा त्यांना ती पारधी, ढीवर, गोंड यांच्या तोंडी सापडली. मराठीतली पक्ष्यांची शब्दसंपत्ती बऱ्याच अंशी शिकाऱ्यांची देणगी आहे. पक्षिप्रेमींना हे ऐकायला जरा जड जातं, पण तसं आहे खरं.

हक्किपिक्की लोकांशी मराठी माणसाचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. राहतात कर्नाटकात, पण घरात बोलतात ती भाषा गुजरातीच्या कुळातली. तिला वागरी म्हणतात. संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे सावज धरायचं जाळं. त्यावरूनच हे नाव आलं असं मानतात. आपण मूळचे गुजरात-राजस्थानकडचे, राणा प्रतापाच्या बाजूचे, असं ही मंडळी सांगतात. त्यांच्यात गुजरातिया, काळीवाला, मेवाडा आणि पनवार अशी कुळं आहेत. २०११च्या जनगणनेत कर्नाटकात त्यांची संख्या ११,८९२ भरली. म्हैसूर जिल्ह्यात हुणसूरजवळच्या त्यांच्या एका वसाहतीचं नाव आहे पक्षिराजपुरा. तमिळनाडूतले नरिकुरवर याच भाषेचे. आणि महाराष्ट्रातले पारधीही भाषेनं आणि धंद्यानं यांचेच भाऊबंद.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचा ग्रंथ छापला. त्यात पारध्यांच्या पोटशाखा हत्यारांवरून आणि धंद्यांवरून वेगळ्या केल्या आहेत. फासे लावणारे ते फासेपारधी. जात्याला टाके घालणारे टाकणकार. शिकवलेल्या चित्त्याकरवी हरणं धरणारे चित्तापारधी. बैलाच्या आडोशानं सावजाजवळ सरकणारे आणखी निराळे. आणि एक शाखा ‘शिशी के तेलवाले’, म्हणजे मगरीचं तेल काढून बाटल्यांतून विकणारे. शंभर वर्षांपूर्वीची ही नोंद वाचताना मी थबकलो, कारण आजचे हक्किपिक्की देशभर ओळखले जातात ते केसांच्या तेलामुळे. पाखरं धरण्यावर बंदी आली तसं रानातल्या झाडपाल्याचं ज्ञान हाताशी होतं, ते बाटलीत उतरलं. हे तेल घेऊन ते आफ्रिकेपर्यंत जातात. एप्रिल २०२३मध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा तिथं अडकलेल्या हक्किपिक्कींची बातमी देशभर झाली. पहिला आकडा आला तो ३१ जणांचा. ‘ऑपरेशन कावेरी’तून इतर भारतीयांबरोबर त्यांनाही परत आणलं गेलं. कधीकाळी तित्तरामागं माळ तुडवणारी माणसं सुदानात तेल विकत होती, हे त्या बातमीपर्यंत बंगळुरूतल्या किती जणांना ठाऊक होतं?

आता पाखरं धरायच्या त्या मूळ विद्येकडे वळू.

फास म्हणजे नुसती दोरीची गाठ असं वाटत असेल तर ते खरं नाही. पारध्याचा फास जनावराच्या स्नायूपासून वळलेल्या तातीचा किंवा घोड्याच्या केसांचा. नायलॉन फार नंतर आलं. बांबूच्या बारीक खुंट्यांना ओळीनं असे फास बांधतात आणि ती ओळ गवतातून पाखराच्या वाटेवर आडवी लावतात. सगळा खेळ पाखराच्या स्वभावावर चालतो. तित्तर उडायला आळशी. धोका दिसला की तो आधी पळतो, मान खाली घालून गवतातल्या ठरलेल्या वाटांनी पळतो, आणि अगदीच गळ्याशी आलं तर फडफडत थोडं अंतर कापून पुन्हा खाली बसतो. पारधी त्याच्या मागं धावत नाही. तो शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडून, चरत्या गुराच्या चालीनं, थांबत थांबत पुढे सरकतो. तित्तराला गुराचं भय नसतं. तो नुसता बाजूला होत जातो, फासांच्या ओळीकडे. विणीच्या दिवसांत युक्ती वेगळी. नर तित्तर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराची साद खपवून घेत नाही. पारधी तोंडानं हुबेहूब ती साद घालतो, किंवा पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्याकडून घालून घेतो. मालक भांडायला धावून येतो आणि अडकतो. लाव्याची साद वेगळी, मोराची वेगळी. कुठल्या महिन्यात कोण कुठे झोपतं, पाण्यावर कधी येतं, अंडी कुठे घालतं हे सगळं मुलगा बापाच्या मागे हिंडून शिकायचा. तित्तराचं नावच त्याच्या सादेवरून पडलं, आणि तैत्तिरीय शाखेच्या कथेत वेद टिपणारे शिष्यही तित्तर होऊनच आले. पाखरू आपल्याकडे किती जुनं आहे ते यावरून कळावं.

या विद्येत लगाम होता का? याचा शोध घेणाऱ्यांत एक पुण्याचा माणूस होता, आणि तो काम करत होता बंगळुरूत. माधव गाडगीळ १९७३ साली भारतीय विज्ञान संस्थेत आले. पुढे तिथं पर्यावरणशास्त्राचं केंद्र त्यांनी उभं केलं. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागातल्या तीन भटक्या शिकारी समाजांचा अभ्यास केला: फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले. तिघंही त्याच माळावर, त्याच ओढ्याकाठी हिंडणारे, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नव्हते. फासेपारधी फासांनी काळवीट आणि पाखरं धरायचे. वैदूंच्या वाट्याला मुंगूस, उदमांजर यांसारखी लहान जनावरं आणि ओढ्यातली कासवं-खेकडे. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीनं घोरपड, साळिंदर, रानडुकराच्या मागं. तिरमल नंदीवाले दर तीन वर्षांनी इंदापूरकडे वडापुरीला जमायचे, आणि कोणत्या कुटुंबानं कुठल्या मुलखात हिंडायचं त्याचे हक्क तिथं मान्य व्हायचे. फासात सापडलेली गाभण हरणी किंवा पाडस फासेपारधी सोडून द्यायचे, हीही नोंद या अभ्यासातलीच.

यावरून ‘आदिवासी म्हणजे जन्मजात निसर्गरक्षक’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मी काढणार नाही. ज्याला पुढच्या वर्षी त्याच माळावर यायचं आहे आणि तिथं दुसरा कुणी येणार नाही याची ज्याला खात्री आहे, तो माणूस उद्याचा विचार करतो. एवढंच यातून मला दिसतं. ती खात्री गेली की विचारही जातो. आणि ती खात्री कुणी घालवली, तर आधी सरकारनं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा कितीतरी समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. पुढे पारधीही त्या यादीत आले. हिंडणं हाच गुन्हा झाला, ठाण्यावर हजेरी आली, सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्यानंतर वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७२चा. पहिल्या कायद्यानं माणूस गुन्हेगार ठरला होता, दुसऱ्यानं त्याचा धंदा. १९९०-९१मध्ये रानपाखरांच्या व्यापारावर बंदी आली आणि पिंजऱ्यातले पोपट-मुनिया विकून चालणारा उरलासुरला पैसाही आटला. आज संरक्षित पक्षी धरला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काही पक्ष्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे.

कायदा चुकीचा होता का? नाही. माळढोक, तणमोर, सारस यांची गत पाहता तो आधीच यायला हवा होता. पण पाखरं कुणी संपवली याचा हिशेब मांडताना एक तारीख विसरू नये. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ भरतपूरच्या पाणथळीत शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पाखरं पडली. तिथल्या दगडी फलकावर हा आकडा अभिमानानं कोरून ठेवलेला आहे. कोणाही पारध्यानं आयुष्यभर फास लावले तरी त्याच्या नावानं कुणी दगड कोरला नाही. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांना ४२ वर्षं पूर्ण झाली होती.

सालिम अलींची गोष्टही बंदुकीपासूनच सुरू होते. दहाएक वर्षांचे असताना छर्‍याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती म्हणून विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं, पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटं उघडून दाखवली, आणि मुलगा तिथलाच झाला. ही सोसायटी १८८३मध्ये मुंबईत आठ जणांनी सुरू केली, त्यांतही शिकारीचे शौकीन होतेच. म्हणजे आपल्याकडे पक्षिसंरक्षणाची पायवाट पडली ती शिकाऱ्यांच्याच पावलांनी. साहेबांच्या आणि नबाबांच्या बंदुकांना संरक्षणात मानाची जागा मिळाली. फासवाल्याला मिळायला वेळ लागला.

मिळाली ती कर्नाटकातल्या एका तापामुळे. १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना अनोळखी ताप येऊ लागला. रोगाचा विषाणू गोचिडीतून पसरतो हे कळलं. सायबेरियातल्या एका तापाशी त्याचं साम्य दिसलं, तेव्हा स्थलांतरी पाखरांबरोबर गोचिडी येतात की काय अशी शंका आली. त्या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं पाखरांच्या पायात कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. हजारो पाखरं धरायची, कडी घालायची, इजा न करता सोडायची. पण धरणार कोण? प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या कुणालाही बदक हातानं धरता येत नव्हतं. मग बिहारच्या मीरशिकार समाजातले लोक आले. हा समाज म्हणजे तिकडचे हक्किपिक्कीच. त्यांच्यातले अली हुसेन पुढे दंतकथा बनले. कित्येक वर्षं त्यांनी सोसायटीसाठी भरतपूरपासून पॉइंट कॅलिमेरपर्यंत पाखरं धरली, पिसाला धक्का न लावता. आपल्या पाठ्यपुस्तकांत स्थलांतराचे जे बाण काढलेले असतात, त्यांतल्या कित्येकांची सुरुवात अशा एखाद्या फासातून झालेली आहे.

महाराष्ट्रातलं उदाहरण विदर्भात आहे. तणमोर हा कोंबडीहून लहान, माळावरचा पक्षी. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत आलं की काळापांढरा नर एका जागी उभा राहून हवेत सरळ उडी मारतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो. मादीला दिसावं म्हणून दिवसभरात पाचशेच्या आसपास उड्या! हीच उडी त्याच्या जिवावर उठायची, कारण नर रोज त्याच जागी नाचतो, आणि फास लावणाऱ्याला त्याहून सोपा पत्ता कोणता? २०२१पासून तणमोर जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत आहे. अकोला-वाशिम भागात कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांची ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांसोबत काम करते. वडाळ्यासारख्या गावांतल्या फासेपारध्यांनी स्वतः ठरवून गवताळ रानं राखायला घेतली. तिथं शिकार बंद, मोकाट चराई बंद, वणवा लावायला बंदी. तणमोर कुठे उतरला, किती नर नाचतायत याची बातमी आता तेच देतात. सरकारी दप्तरात अशा माळाला फार तर ‘पड’ म्हणतात, आणि कागदावर पड असलेली जमीन कुणाच्याही घशात जायला वेळ लागत नाही. त्यामुळे पारध्यानं गवत राखणं म्हणजे तणमोराचं घर राखणं.

‘पारंपरिक शिकार विरुद्ध संरक्षण’ या भांडणातला ‘पारंपरिक’ हा शब्द तपासून घ्यावा असं मला नागालँडमुळे वाटू लागलं. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो, परत येतो. वर्षाकाठी सुमारे २२,००० किलोमीटर. वाटेत अरबी समुद्र न थांबता ओलांडतो. त्याच दिवसांत चतुरांचे थवेही समुद्रावरून जातात, त्यांवर त्याचं पोट भरत असावं असं अभ्यासक मानतात. ऑक्टोबर २०१२मध्ये बंगळुरूचे रामकी श्रीनिवासन, आपले शशांक दळवी, नागालँडच्या बानो हरालू आणि रोकोहेबी कुओत्सु हे चौघं वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयावर पोचले. तिथं मासेमारीची जाळी झाडांना टांगून ससाणे धरले जात होते. त्या एका हंगामाचा त्यांचा अंदाज १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजारांचा होता. सगळीकडे ‘नागांची जुनी परंपरा’ अशी कुजबुज झाली. पण दोयांगचं धरणच मुळी २००० साली कार्यान्वित झालं. जलाशय झाला म्हणून ससाणे लाखांनी जमू लागले. जमिनी बुडाल्या म्हणून गावकरी मासेमार झाले. जाळी होती, बाजार होता. परंपरेचं वय जेमतेम बारा वर्षं. म्हणूनच कदाचित ती लवकर सुटली. पांग्ती गावच्या परिषदेनं बंदी केली, चर्चनं साथ दिली, आणि पुढच्याच हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली आणि त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांग्ती. त्या वाटेवरचे काही ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्या लोणावळ्यावरूनही जातात.

परत एचएसआर लेआउटला येऊ. आगरा तलावाचं जादा पाणी पुढे बेळंदूरला जातं. बेळंदूरच्या पाण्यावरचा फेस २०१५मध्ये पेटला. जानेवारी २०१८मध्ये तिथली आग विझवायला लष्कराचे हजारो जवान उतरवावे लागले. त्या पाण्यात वारकरी कमी का दिसतात याचं उत्तर शोधायला बनेरघट्ट्याला जायची गरज नाही. आपल्या सोसायटीच्या सांडपाण्याची नळी कुठे उघडते ते पाहिलं तरी पुरे. मीही इथल्याच एका इमारतीत राहतो, तेव्हा हे बोलताना मान खाली घालूनच बोलतो. एक पाणकोंबडी धरणाऱ्याला कैद होऊ शकते. तळं भरून त्यावर इमारत बांधणाऱ्याला बहुतेक वेळा पूर्णत्वाचा दाखला मिळतो.

बनेरघट्ट्याच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात आणि बोटांत जे आहे ते शाळेत शिकवता येत नाही, आणि तेल विकणाऱ्या नातवाला त्याची गरज उरलेली नाही. पक्षिगणनेला, कडी घालायच्या कामाला, जखमी पाखरू धरायला या माणसांना पगारी बोलवावं; अली हुसेन यांच्या बाबतीत जे जमलं ते या शहरातही जमायला हरकत नाही. सरकारनं ते करावं, पण तोवर आपणही काही करू शकतो. दर जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते. यंदा आगऱ्याच्या बांधावर मोजायला जाल, तेव्हा आयोजकांना एवढं विचारा, की हक्किपिक्की वस्तीतून कुणाला बोलावलंय का? आणि रस्त्याच्या कडेला हिरव्या बाटल्या मांडून बसलेला तेलवाला दिसला, तर तेल घ्या न घ्या, त्याला तित्तराची साद घालून दाखवायला सांगा. येत असेल, तर ज्यानं शिकवली त्याचा पत्ता लिहून घ्या.